अंबडचे पाणी आणि शंकरराव चव्हाण

वाचकहो, काही प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाहीत; ते वर्गात उठतात. मी अंबडला इतिहास शिकवतो. दोन-तीन वर्षांपूर्वी मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासाचा तास चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कालव्याच्या खालच्या अंगाला माझ्या मामाचं गाव आहे. तिथं उसाला पाणी. वरच्या अंगाला आमचं गाव. तिथं मार्च लागला की टँकर. दोन गावांत अंतर किती? सायकलवर अर्धा तास. मग हे असं कोणी ठरवलं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि, खरे सांगायचे तर, वेळ मारून नेली. "हे भूगोलाच्या सरांना विचार," असे म्हणून पुढचा धडा घेतला. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही मनातून जाईना. कारण तो निव्वळ भूगोलाचा प्रश्न नव्हता. डोंगर-उतार निसर्गाने केले हे खरे. पण धरण कोठे बांधायचे, कालवा कोणत्या उंचीवरून न्यायचा, हे माणसांनी ठरवले होते. कोणाची तरी सही त्या कागदावर होती. आणि जेथे माणसाचा निर्णय येतो तेथे इतिहासाचे काम सुरू होते.

त्या मुलाला तेव्हा न दिलेले उत्तर आज तुम्हाला सांगणार आहे. ते सांगताना एका मंत्र्याची कारकीर्द पाहावी लागेल. त्यांचे नाव शंकरराव भाऊराव चव्हाण.

आधी आपला तालुका डोळ्यांपुढे आणा. अंबड गाव मत्स्योदरी देवीच्या टेकडीला बिलगून वसलेले आहे. गावात जुन्या दगडी बारवा आहेत. होळकरांच्या अमलाच्या खुणा त्या अजून सांगतात. बारव बांधणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : येथे पाणी खाली उतरून आणावे लागते. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. शहागडला गेलात की तिचे रुंद पात्र दिसते. पण नदी जवळ असणे आणि शेताला पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोदावरी खोलातून जाते. शेत काठावर, उंचावर. शतकानुशतके आमच्या लोकांनी नदीला नमस्कार केला, तिच्यात स्नान केले, आणि पिकासाठी मात्र आभाळाकडे पाहिले.

ही गोष्ट सर्वत्र सारखी नव्हती. त्याच गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या नाशिक-नगर भागात, इंग्रजी अमदानीतच धरणे झाली. दारणा धरण १९१६ मध्ये पुरे झाले, प्रवरेवरचे भंडारदरा १९२६ मध्ये. कालवे आले, ऊस आला, आणि पुढे १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखानाही उभा राहिला. आपण मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. संस्थानाने धरण बांधले नाही असे नाही. मांजरा नदीवर निजामसागर हे मोठे धरण १९३१ मध्ये झाले. पण त्याचे पाणी तेलंगणाच्या शेतीला गेले. मराठवाड्याच्या वाट्याला विहिरी, ओढे आणि पाऊस उरला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे स्वातंत्र्याच्या आणि राज्याच्या शर्यतीत आपण उशिरा आलो, आणि येताना हात रिकामे होते.

शंकरराव या रिकाम्या हातांच्या प्रदेशातलेच. त्यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदाकाठच्या पैठणला झाला. मद्रास विद्यापीठाची पदवी आणि उस्मानिया विद्यापीठाची वकिलीची परीक्षा, असे त्यांचे शिक्षण. वकिलीत नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. पण तो काळ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावाखाली आलेले कितीतरी तरुण घरदार सोडून त्या लढ्यात पडले. शंकरराव त्यांतले एक. पुढे नांदेड ही त्यांची कर्मभूमी झाली. १९५२ ते १९५६ या काळात ते नांदेडचे नगराध्यक्ष होते. गावचा नळ, गावचा रस्ता, गावची गटार यांतून त्यांचा कारभार सुरू झाला हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्याने गावाच्या पाण्याची तक्रार स्वतः ऐकली आहे, त्याला पुढे प्रदेशाच्या पाण्याचा आकडा नुसता आकडा वाटत नाही.

१९५६ मध्ये मुंबई राज्यात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले आणि त्यांच्याकडे पाटबंधारे व वीज ही खाती आली. यशवंतराव चव्हाण गेले, कन्नमवार आले, वसंतराव नाईक आले. शंकररावांचे नाव मात्र जवळजवळ एक तपभर पाटबंधारे खात्याशी बांधलेले राहिले. आजच्या वाचकाला हे विशेष वाटेल. एका खात्यात बारा वर्षे म्हणजे धरणाची कल्पना कागदावर उतरताना पाहणे, आणि पाणी अडताना पाहणे, हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येण्याजोगा काळ.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. तुमच्या मनात कधी आले आहे का, की धरण पैठणला आहे, जलाशयाला नाव नाथसागर आहे, मग प्रकल्पाला जायकवाडी का म्हणतात? पैठणजवळ जायकवाडी नावाचे गाव शोधू नका. जायकवाडी हे गाव खाली, बीड जिल्ह्यात आहे. गोदावरीवर धरण बांधण्याची मूळ योजना हैदराबाद राज्याच्या काळातली. आणि ती त्या जायकवाडी गावाजवळची होती. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर या योजनेचा नव्याने विचार झाला आणि धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला नेण्यात आली. जागा बदलली, नाव तेच राहिले.

हे शंभर किलोमीटर म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. शिक्षकांनी हे मुलांना फळ्यावर काढून दाखवावे, फार सोपे आहे. कालवा हा पाण्याचा रस्ता आहे. पण हा रस्ता चढ चढत नाही. पंप नसेल तर पाणी उताराकडेच जाणार. म्हणून कालवा जमिनीच्या उंचीची रेघ धरून, अगदी थोडा थोडा उतरत, डोंगराच्या कडेकडेने नेतात. त्या रेघेच्या खालची, म्हणजे नदीकडची सगळी जमीन आपोआप भिजू शकते. रेघेच्या वरची जमीन हातभर अंतरावर असली तरी कोरडी राहते. आता धरण जितके नदीच्या खालच्या टोकाला, तितके त्याचे पाणी सखल. ते फक्त आणखी खालच्या मुलखाला मिळणार. धरण वर बांधले तर कालवा उंचावरून निघतो आणि मधला सारा मुलूख त्याच्या टप्प्यात येतो.

अंबड तालुका हा त्या मधल्या मुलखात आहे. मूळ जायकवाडीला धरण झाले असते तर ते आपल्या खाली झाले असते. गोदावरी आपल्या सीमेवरून वाहत गेली असती, खाली अडवली गेली असती, आणि तिचे पाणी आपल्याकडे मागे फिरून कधीच आले नसते. धरण पैठणला गेले म्हणून डावा कालवा तेव्हाच्या अंबड तालुक्यातून, वडीगोद्रीच्या बाजूने, घनसावंगीच्या भागातून पुढे परभणी जिल्ह्यात गेला. हा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. उजवा कालवा १३२ किलोमीटर, तो बीडकडे जातो. माझ्या विद्यार्थ्याच्या मामाच्या गावाला ऊस आहे त्याचे मूळ या शंभर किलोमीटरांत आहे.

हा निर्णय एकट्या शंकररावांनी घेतला असे मी म्हणणार नाही. मोजणी अभियंत्यांनी केली, नकाशे त्यांनी काढले. पण नकाशा स्वतःहून धरण होत नाही. वरच्या खोऱ्यातल्या पुढाऱ्यांना गोदावरीचे पाणी खाली जावे हे रुचत नव्हते, आणि राज्याच्या राजकारणात त्यांचे वजन मोठे होते. बुडणाऱ्या गावांचा विरोध होता, आणि तो अगदी स्वाभाविक होता. तिजोरीत पैसा थोडा होता. अशा वेळी कागद टेबलावरून हलू न देणे सोपे असते, आणि तो पुढे ढकलत राहणे कठीण. शंकररावांनी ते दुसरे काम वर्षानुवर्षे केले. मराठवाड्यातल्या लोकांनी त्यांना आधुनिक भगीरथ म्हटले ते यासाठी.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला धरणाची पायाभरणी झाली. पाकिस्तानशी झालेले युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता. देशात धान्याची टंचाई होती. जवानाबरोबर किसानाचा जयघोष करणारे शास्त्रीजी शेतीच्या पाण्याचे महत्त्व जाणून होते. पुढे तीन महिन्यांच्या आत, ११ जानेवारी १९६६ रोजी, ताश्कंदला त्यांचे निधन झाले. पैठणची पायाभरणी ही त्यांच्या अखेरच्या काळातली गोष्ट.

मंत्र्याच्या नशिबी नुसत्या पायाभरण्या नसतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, धरणालाही तडे गेले. पाटबंधारे आणि वीज ही दोन्ही खाती असलेल्या मंत्र्यापुढे यापेक्षा अवघड सकाळ कोणती असणार? धरण सुरक्षित ठेवणे, त्याला बळकटी देणे आणि राज्याची वीज चालू ठेवणे, ही कामे एकदमच अंगावर आली. धरण टिकले. पण धरणाला माणसे देव्हाऱ्यातल्या देवासारखी पाहत होती, त्यांना त्या दिवशी धरणाची भीतीही कळली.

१९७२ मध्ये शंकररावांकडे कृषी खाते आले, आणि त्याच वर्षी दुष्काळ. तुमच्या घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो, सोडून दिलेली जनावरे, हे ते अजून सांगतील. दुष्काळाने एक धडा दिला : पाऊस अडवून ठेवण्याची सोय नसेल तर कष्टाळू शेतकरीसुद्धा एका वर्षात खडी फोडणारा मजूर होतो. १९७४ मध्ये मराठवाड्यात विकासाचे मोठे आंदोलन उठले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसे आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. अनुशेष हा शब्द पुढे रूढ झाला. पण त्याची वेदना तेव्हाच बोलू लागली होती.

आणि २१ फेब्रुवारी १९७५ रोजी शंकरराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यातून आलेले ते पहिले मुख्यमंत्री.

त्या वर्षातली एक घटना पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, पण आमच्यासाठी ती मोठी आहे. गोदावरी अनेक राज्यांची नदी. तिच्या पाण्याच्या वाटणीसाठी केंद्राने १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला होता. लवादापुढे वर्षानुवर्षे वाद चालण्यापेक्षा राज्यांनी आपसांत समजुतीचे करार केले. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. त्यात असे ठरले की, गोदावरीवर पैठण धरणापर्यंतचे आणि पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्यांच्या खाली पोचमपाड धरणापर्यंतच्या भागात मात्र महाराष्ट्राने नव्या योजनांसाठी ६० अब्ज घनफुटांपेक्षा अधिक पाणी वापरू नये.

बघा, पैठण ही कराराची रेघ ठरली. रेघेच्या वर मुक्त हक्क, रेघेच्या खाली मोजून पाणी. पैठणच्या खालचा नांदेडपर्यंतचा मुलूख या दुसऱ्या हिश्शात आला. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा जो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ज्याचा निकाल फेब्रुवारी २०१३ मध्ये लागला, त्याचे मूळ या ६० अब्ज घनफुटांच्या हिशेबातच आहे. काहींना हा करार मराठवाड्यासाठी हात आखडता घेतलेला वाटतो, काहींना लवादाच्या अनिश्चिततेपेक्षा बरा वाटतो. मला एवढेच दिसते की, भगीरथालाही नदी वाटून घ्यावी लागते.

२४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे, आणि सुमारे १०२ अब्ज घनफुटांचा एकूण साठा. त्यांपैकी वापरता येण्याजोगा सुमारे ७६ अब्ज घनफूट. ज्या पैठणला जन्म झाला तेथे मुख्यमंत्री म्हणून उभे राहून शंकररावांनी ते पाणी पाहिले. माणसाच्या आयुष्यात इतका पुरा झालेला वर्तुळाकार क्वचितच येतो.

येथे भाषण संपवले असते तर ते गौरवाचे भाषण झाले असते. पण इतिहासाच्या शिक्षकाने जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे.

पहिला खर्च बुडालेल्या गावांचा. नाथसागराचे पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरते. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे या धरणाने पूर्णतः किंवा अंशतः बाधित झाली. त्यांत शंकररावांच्या स्वतःच्या जन्म-तालुक्यातलीही गावे होती. गोदाकाठची काळी, कसदार जमीन पाण्याखाली गेली, देवळे गेली, पारावरची झाडे गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. म्हणजे धरण पुरे होत आल्यावर. आधी माणसे उठली, मग कायदा आला. आमच्या तालुक्यात कालव्याचे पाणी शेतात शिरते तेव्हा ते कोणाच्या तरी अंगणावरून आले आहे, हे आपण विसरू नये.

दुसरा खर्च राजकारणाचा. शंकररावांची मुख्यमंत्रीपदाची पहिली कारकीर्द आणीबाणीच्या काळातली. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात देशाप्रमाणेच राज्यातही विरोधी नेते आणि कार्यकर्ते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर बंधने होती. कचेऱ्या वेळेवर उघडू लागल्या याचे कौतुक तेव्हा झाले. शंकररावांचा शिस्तीचा स्वभाव पाहून लोकांनी त्यांना हेडमास्तर असे नावही ठेवले. सचिवालय हे नाव जाऊन मंत्रालय हे नाव त्यांच्याच काळात आले. पण शाळेतसुद्धा ज्या वर्गात मुलांना बोलायची बंदी असते, तेथली शांतता ही शिकण्याची खूण नसते. आम्हा शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

१७ मे १९७७ रोजी त्यांच्या जागी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. १९७८ मध्ये शंकरराव काँग्रेसपासून वेगळे होऊन शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात अर्थमंत्री झाले. १९८० मध्ये ते पुन्हा इंदिराजींच्या काँग्रेसमधून नांदेडचे खासदार होऊन दिल्लीला गेले. शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह ही खाती त्यांनी सांभाळली. १२ मार्च १९८६ ते जून १९८८ या काळात ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री होते. तेव्हा त्यांनी राज्यात शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत आणली. तिचा अर्थ सोपा आहे : गेल्या वर्षी खर्च झाला म्हणून यंदाही करायचा नाही, प्रत्येक खर्च शून्यापासून पटवून द्यायचा. घरची बाई दर महिन्याला हेच करत असते. पुढे ते केंद्रात अर्थमंत्री झाले, आणि १९९१ ते १९९६ या काळात गृहमंत्री. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा देशाचे गृहमंत्री तेच होते. त्या दिवसाचा जाब इतिहास त्यांच्या खात्यालाही विचारतो. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले. बाप आणि लेक दोघेही मुख्यमंत्री होण्याचा महाराष्ट्रातला तो पहिला प्रसंग.

एवढी पदे एका माणसाने भूषवली. तरी अंबडच्या बाजारात कोणाला विचाराल तर संरक्षणमंत्री, अर्थमंत्री, गृहमंत्री हे कोणी सांगणार नाही. "धरणवाले शंकरराव," असेच उत्तर येईल. लोकांची स्मरणशक्ती पदांची यादी ठेवत नाही. ती कामाची जागा लक्षात ठेवते.

तिसरा खर्च अजून चालू आहे, आणि तो आपल्या हातातला आहे. धरण झाले म्हणून पाणी झाले असे नाही. नाथसागराच्या वर नाशिक-नगर भागात धरणांची संख्या वाढत गेली. पाऊस कमी झाला की पाणी वरच अडते. २०१२-१३ च्या दुष्काळात जायकवाडीचा साठा मृतसाठ्यापर्यंत उतरला. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. वीस-वीस वर्षे जपलेली झाडे शेतकऱ्यांनी डोळ्यांदेखत तोडली. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातले पाणी सर्वांना न्यायाने वाटण्याचे तत्त्व आणले होते. त्याच्या आधाराने मेंढेगिरी समितीने सूत्र ठरवले : ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये या समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला. पाणी सुटण्याच्या वेळी दर खेपेला तंटा होतो तो होतोच.

पण तंटा नुसता नगर आणि मराठवाड्यात आहे असे समजू नका. तो आपल्या चारीवरही आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी ऊस लावतो. शेवटच्या टोकाला, ज्याला आपण टेल म्हणतो, तेथल्या शेतकऱ्याच्या गव्हाला पाळी येईपर्यंत पाणी उरत नाही. अनेक ठिकाणी कालवा फुटका, चाऱ्या गाळाने भरलेल्या, पोटचाऱ्या नांगरून शेतात मिळवलेल्या. वरच्या लोकांनी पाणी अडवले म्हणून आपण गाऱ्हाणे करतो. आणि आपल्या खालच्या शेतकऱ्याचे पाणी रात्री आपणच फोडतो. न्याय मागायचा तर तो आपल्या बांधापासून सुरू करावा लागेल. शंकररावांनी नदीवर जी रेघ आखून घेतली तशी प्रामाणिक रेघ आपल्या चारीवर आखणे हे मंत्र्याचे काम नाही. ते पाणी वापर संस्थेचे, म्हणजे आपले काम आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. हे असं कोणी ठरवलं? उत्तर असे : उंचवटा निसर्गाने ठरवला. धरणाची जागा माणसांनी ठरवली, आणि ती शंभर किलोमीटर वर नेली म्हणून निदान तालुक्याचा अर्धा भाग भिजला. उरलेला अर्धा, तुझ्या गावासह, अजून ठरायचा आहे. त्यासाठी पाझर तलाव आहेत, बंधारे आहेत, विहिरीत पाणी जिरवण्याच्या रीती आहेत, आणि पाण्याच्या हिशेबाचा हक्क आहे. ज्याच्या गावाला कालवा पोचत नाही त्याच्या गावाचा विचार करणारा कोणीतरी पुन्हा कागद पुढे ढकलीत बसला पाहिजे. वर्षभर नव्हे, एक तपभर.

पुढच्या वर्षी तो मुलगा माझ्या वर्गात नव्हता. पण एके दिवशी बसथांब्यावर भेटला. मी हे सारे त्याला सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे सर, आमच्या गावाचा कागद अजून कुठं तरी टेबलावरच आहे." मी म्हटले, "कदाचित तो लिहिलाच गेला नसेल. तू लिही." बस आली आणि तो गेला.

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या शाळेजवळून कालवा जात असेल तर एक दिवस मुलांना तेथे न्या. कोणती जमीन वर, कोणती खाली, ते त्यांच्या डोळ्यांनी त्यांना पाहू द्या. कालवा खोदला तेव्हा मजुरीला गेलेली म्हातारी माणसे गावात असतील, त्यांना बोलते करा. बुडीत गावातून उठून आलेले एखादे कुटुंब असेल, तर त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या जुन्या गावाचे नाव, देऊळ, नदीचा घाट यांची माहिती वहीत लिहून घ्या. मंत्र्याची कारकीर्द सरकारी कागदांत राहते; पण तिचा खरा जमाखर्च या वह्यांत राहील. आणि पुढच्या पिढीतला एखादा मुलगा उभा राहून विचारील, हे कोणी ठरवलं, तेव्हा त्याला भूगोलाच्या सरांकडे पाठवण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.